गाडीत काहीच नव्हतं

गाडीला हात लावायच्या आधी आल्हाटसाहेब गाडीच्या मालकाला बसवायचे. त्यांच्या तळमजल्याच्या फ्लॅटसमोर वेताचे दोन मुढे कायम मांडलेले असत. एकावर मालक, दुसऱ्यावर साहेब. मालकाला घाई असायची. तो किल्ली पुढं करायचा, म्हणायचा, "आप एक बार बोनेट खोलके देख लीजिए ना." साहेब किल्ली घ्यायचे नाहीत.

"खोलता तो कोई भी है. पहले बताइए."

मग प्रश्न सुरू. कधीपासून? गार असताना की तापल्यावर? चढाला की सपाटीला? एकटे होता की गाडी भरलेली होती? आदल्या दिवशी धुतली होती का? पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं? मालक कंटाळून उत्तरं द्यायचा आणि साहेब डोळे मिटून ऐकायचे, जुना डॉक्टर ऐकतो तसे.

हे सगळं मिसिंगसाठी. बाकीची दुखणी ते हातात घेत नसत. ब्रेक, क्लच, गिअर ही कामं त्यांच्या मते 'मजुरीची' होती. पण चालती गाडी मधेच एक ठोका चुकते, पुन्हा चुकते, उचकी लागल्यासारखे हिसके देते आणि वर्कशॉपच्या दारात नेली की शहाण्यासारखी चालते, या दुखण्यावर त्यांचा जीव होता. गुडगावात त्याला म्हणायचे, 'गाडी मिसिंग मार रही है.' आमच्या सोसायटीत कुणाची गाडी मिसिंग मारू लागली की रविवारी सकाळी ती आपोआप त्या मुढ्यांसमोर येऊन उभी राहायची.

शांतवन आल्हाट मूळचे नगरचे. सरकारी गाड्यांची तपासणी करणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी दिल्लीत गेली. उपसंचालक म्हणून निवृत्त झाले आणि गुडगावात फ्लॅट घेऊन राहिले. तेव्हा आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडं मोहरीची शेतं होती आणि शेतांपलीकडं काचेची पहिली इमारत उभी राहत होती. त्या इमारतीत माझं ऑफिस येणार होतं. मी पुण्याहून नुकताच आलो होतो, परदेशी कंपनीत नोकरी, नवीन लग्न. सोसायटीत मराठी घरं तीनच. आमचं, वरच्या मजल्यावरच्या जोशींचं आणि आल्हाटांचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले. भर सकाळी, उन्हात, एका गाडीच्या उघड्या बोनेटवर पानिपतची जाड रजई टाकलेली होती आणि रजईखालून पायजमा आणि कॅनव्हासचे बूट बाहेर आले होते. आत इंजिन चालू. मी घाबरून विचारलं, "काय झालं यांना?" मुढ्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "काही नाही, आमचे हे आहेत. अंधार करून बसलेत."

मग कळलं, की प्लगकडं जाणाऱ्या वायरीला बारीक चीर गेली असेल तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच उडी मारते. उजेडात ती दिसत नाही. म्हणून साहेब रजईखाली शिरून, गुलाबांवर पाणी मारायच्या बाटलीनं वायरींवर तुषार उडवायचे आणि निळी ठिणगी कुठं चमकते ते बघायचे. बाहेर आले तेव्हा केस ओले, चेहरा लाल, पण खूश. "दोन नंबर," म्हणाले. मग माझ्याकडं वळून शुद्ध मराठीत, "तुम्ही पुण्याचे ना? चेहऱ्यावरून कळतं. पुण्याचा माणूस मदत करायच्या आधी चौकशी करतो."

त्यांची दुसरी रीत सगळ्या मेकॅनिकांना माहीत आहे, पण ते ती ज्या समाधानानं करायचे तसं मी कुणाला करताना पाहिलं नाही. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन लटपटलं, तर तो सिलिंडर बरा. काढूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर तोच मेलेला. "आमच्या खात्यात हा प्रयोग करायला हवा होता," ते म्हणायचे. "एकेक अधिकारी आठवडाभर रजेवर पाठवायचा. फरक पडला नाही की सापडला." काकू म्हणायच्या, "तुम्ही रजेवर होतात तेव्हा पडला होता का फरक?" साहेब गंभीरपणे म्हणायचे, "मी रजा घेतलीच नाही. भीती होती."

पण मेकॅनिक लोकांपेक्षा ते वेगळे होते ते एका गोष्टीनं. ते मालकावर विश्वास ठेवायचे, पूर्ण. समोरच्या सबरवालांच्या सूनबाईंनी एकदा येऊन सांगितलं, की गाडी फक्त सासूबाई बसल्या की मिसिंग मारते. सगळे हसले. खुद्द सबरवाल म्हणाले, "आल्हाट साब, ये घर का मामला है, इंजन का नहीं." साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "माताजी कहाँ बैठती हैं?" मागं, डावीकडं. वजन? सूनबाईंनी हातानंच दाखवलं. साहेबांनी मागची सीट उचकटली. सीटची एक पट्टी सुटली होती, आणि कुणी भारी माणूस डाव्या बाजूला बसलं की ती खालच्या पेट्रोलच्या नळीवर दाबत होती. इंजिनाला पेट्रोल पोचत नव्हतं. सूनबाई महिनाभर ताठ मानेनं वावरल्या.

"मालक चुकीचं कारण सांगेल," साहेब मला म्हणाले, "पण त्याला जाणवलं ते खरंच जाणवलेलं असतं. उगाच कोण सांगेल, माझी गाडी बिघडली म्हणून?"

मी सांगितलं होतं. ते लिहायलाच आज बसलो आहे. साहेब आता नाहीत, काकूही नाहीत, आणि मंजूखेरीज, म्हणजे माझ्या बायकोखेरीज, ही गोष्ट कुणाला माहीत नाही.

मी गाडी घेतली ती आमच्या घराण्यातली पहिली. छोटी, पांढरी, त्या वर्षी गुडगावात प्रत्येक तिसऱ्या दाराशी होती तशीच. सीटवरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. साहेबांनी तिचा आवाज पहिल्या दिवशी ऐकला, खिडकीशी कान आणून, आणि म्हणाले, "सुरेल आहे. सांभाळ." तोपर्यंत ते मला अरेतुरे करू लागले होते.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी ते जिना चढून आमच्याकडं आले. एरवी ते वर येत नसत, खालूनच हाक मारत. सोफ्याच्या कडेला बसले, टोपी हातात घेतली.

"मिलिंद, शनिवारी तुझी गाडी देशील का? अक्का आलीय नगरहून. तिला पानिपत दाखवायचंय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मिशनच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं, भावाला तिनंच शिकवलं होतं. "जन्मभर पोरांना पानिपत शिकवलं," साहेब म्हणाले, "आणि डोळ्यांनी पाहिलं नाही. गुडघे गेलेत, बसमध्ये चढवत नाही. माझी गाडी तर तू बघतोयसच, इंजिन उघडून बसलोय. गेलो नि आलो, दिवसभराचं काम. पेट्रोल मी भरतो."

मी म्हणालो, "दिली असती हो, साहेब. पण दोन दिवस झाले, गाडी मिसिंग मारतेय."

तोंडातून कसं निघालं हे मला आजही सांगता येणार नाही. नाही म्हणायला कारण हवं होतं आणि त्या घरात, त्या माणसासमोर, तेच एक कारण जवळ होतं. दुसरं कुठलंही दिलं असतं तर ते उठून गेले असते. पण त्यांचा चेहरा उजळला. टोपी त्यांनी बाजूला ठेवली.

"असं? केव्हापासून?"

आणि त्यांनी मला बसवलं, माझ्याच घरात. गार असताना की तापल्यावर? मी म्हणालो, सकाळी, धुक्यात. मग तापल्यावर जाते का? जाते, पण कधी कधी परत येते. चढाला? हो, पुलावर. मी एकेक बनवत गेलो आणि ते डोळे मिटून एकेक पदरात घेत गेले. मंजू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे ठेवला आणि आत निघून गेली.

ते गेल्यावर ती म्हणाली, "जोशींना दिली होतीस की गेल्या आठवड्यात. एअरपोर्टला."

"ती वेगळी गोष्ट होती."

"काय वेगळी?"

नवी गाडी, हायवेवरचे ट्रक, साहेबांची चालवताना खिडकीकडं कलायची सवय, अशी कारणं मी मनात मांडली. ती खोटी नव्हती. पण जोशीही वाईटच चालवायचे. जोशींना नाही म्हणायचं माझ्या मनात आलं नव्हतं, आणि आल्हाटांना हो म्हणायचं आलं नव्हतं. पुण्याच्या आमच्या आळीत जे मी कधी उच्चारलं नाही, आणि उच्चारणाऱ्याला मागास म्हणालो असतो, ते माझ्या आत इतकं मुरलेलं होतं की त्याला शब्दांची गरजच नव्हती. साहेबांच्या घरी मी जेवलो होतो. त्यांच्या नाताळच्या करंज्या खाल्ल्या होत्या. आणि तरीही. याहून जास्त स्पष्ट मला लिहिता येत नाही, कमीही लिहायचं नाही.

मला वाटलं होतं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. खाली बघतो तर माझ्या गाडीशेजारी साहेब उभे, कानटोपी घालून, बगलेत रजई, हातात पाण्याची बाटली. "किल्ली टाक!" ते खालून ओरडले. "असं धुकं रोज मिळत नाही!"

त्यांनी ठरवलं होतं, की शनिवारपर्यंत गाडी दुरुस्त करायची आणि तीच घेऊन अक्काला पानिपतला न्यायचं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पानिपतचा दिवस ते माझ्या बोनेटखाली होते. वायरी बघितल्या, एकेक काढून बघितल्या. प्लग काढून पांढऱ्या रुमालावर ओळीनं मांडले. कार्ब्युरेटर उतरवून धुतला. कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा तो डबा, तापल्यावर दगा देतो म्हणून गाडी तासभर फिरवून आणली, मग कॉइलवर ओला फडका ठेवून काही फरक पडतो का ते ऐकलं. प्रत्येक वेळी मला शेजारी बसवायचे. "आत्ता जाणवलं?" "नाही." "आत्ता?" "नाही, साहेब." एकदा त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना म्हणून मी म्हणालो, "आत्ता जरा वाटलं." त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ नुसते ऐकत बसले.

अक्का मुढ्यावर शाल पांघरून मटार सोलत बसायच्या. "शांत्या, सापडलं का रे?"

"सापडेल, अक्का. उद्या नक्की."

"नाही सापडलं तर राहू दे. आपण हरलो तेच मैदान ना ते? ते कुठं पळून जातंय."

मग माझ्याकडं बघून, "तुम्ही पाहिलंय का हो पानिपत?"

पाहिलं होतं. गाडी घेतल्याच्या पुढच्याच आठवड्यात मी आणि मंजू गेलो होतो. मी हो म्हणालो.

"मग सांगा की. काय आहे तिथं?"

"फारसं काही नाही. शेतं आहेत. एक स्मारक. गावात चादरींची दुकानं."

"असं नाही. नीट सांगा. रस्त्यापासून."

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या, डोळे मिटले, अगदी भावासारखे. मी सांगू लागलो. रस्ता, ऊस, सपाट जमीन, कुठंही उंचवटा नाही. "हां," त्या म्हणाल्या, "आडोसा नव्हताच. मी मुलांना तेच सांगायचे." साहेब बोनेटखालून म्हणाले, "मिलिंद, जरा रेस दे." मी उठलो.

रविवारी संध्याकाळी अक्का रेल्वेनं नगरला परतल्या. त्यांना स्टेशनवर सोडून साहेब टॅक्सीनं आले ते थेट आमच्याकडं वर. बसले नाहीत.

"मिलिंद, तुझ्या गाडीत काहीच नाही."

आवाजात शंका नव्हती. "मी सगळं बघितलंय. जे दिसतं ते बघितलंय, जे ऐकू येतं ते ऐकलंय. गाडी निर्दोष आहे."

ते अगदी बरोबर होते. अख्ख्या गुडगावात त्या गाडीबद्दल खरं बोलणारा तो एकच माणूस होता. आणि मी ऐकलं ते वेगळंच. मला वाटलं, गाडीत काही नाही याचा अर्थ मी खोटा. मला वाटलं, त्यांना कळलं. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःची तशी समजूतही घातली, की त्यांना कळलं असणार. पण त्यांच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं. ते एवढीच वाट बघत होते, की मालक म्हणेल, हो, आता मलाही जाणवत नाही.

मी म्हणालो, "पण आज बाजारातून सामान आणायला गेलो होतो ना, तेव्हा पुन्हा मारली."

"आजही?"

"हो."

ते जिना उतरले. पुढच्या आठवड्यात, हा विषय एकदाचा संपवावा म्हणून, मी त्यांना सांगितलं की गाडी वर्कशॉपला दाखवली, त्यांनी कॉइल बदलली, आता छान चालते. तापल्यावर दगा देत होती म्हणे. हे शब्दसुद्धा त्यांचेच होते, त्यांच्याच तोंडून शिकलेले. मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना.

"कॉइल," ते म्हणाले. "मी फडका ठेवून बघितलं होतं."

"तेव्हा दगा दिला नसेल."

"वासही घेतला होता."

त्यांनी करंगळी उजव्या कानात घालून हलवली, आणि मग मुढ्यावर बसून राहिले, मालकाच्या मुढ्यावर.

काकूंनी नंतर मंजूला सांगितलं, की ते कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. त्यांना ते पटलं नाही. "म्हणतात, त्याच्या मशीनला काय कळतं, माझ्या कानादेखत कॉइल गेली आणि मला ऐकू आली नाही." मंजूनं रात्री जेवताना हे मला सांगितलं आणि म्हणाली, "सांगून टाक ना. हसतील आणि विसरतील."

"आता कसं सांगू?"

"आजच सांगता येईल. उद्या आणखी अवघड होईल."

झालंही तसंच. मी गाडी मागं, पाण्याच्या टाकीपलीकडं लावू लागलो.

मार्चमध्ये सबरवाल गाडी घेऊन मुढ्यांसमोर आले. गाडी खरोखरच मिसिंग मारत होती, मला माझ्या गॅलरीत ऐकू येत होतं. साहेब बाहेर आले, पण त्यांनी सबरवालांना बसवलं नाही.

"वर्कशॉप दिखा लीजिए."

"अरे आल्हाट साब, आपके होते हुए वर्कशॉप?"

"अब सुनाई नहीं देता, भाई."

"क्या बात करते हो! ये तो बहरे को भी सुनाई दे!"

"आवाज़ सुनाई देती है," साहेब म्हणाले. "भरोसा नहीं होता."

सबरवालांनी वर माझ्याकडं पाहून हात पसरले, याला काय झालं, अशा अर्थानं. मी आत गेलो. दोन दिवसांनी कळलं, तीन नंबरचा प्लग होता. सबरवाल आले त्या सकाळी काकू दारात उभ्या होत्या. त्या मंजूला म्हणाल्या, हे घरात येऊन 'तीन नंबर' असंच पुटपुटले होते.

त्यानंतर रविवारी कुणी आलं नाही. मुढे काही दिवस बाहेर होते, मग काकूंनी आत घेतले. त्यांची स्वतःची उघडलेली गाडी ते पुन्हा जोडत बसले नाहीत, तशीच कुणाला तरी देऊन टाकली. मला दिसले की विचारायचे, "काय, कशी चालतेय?" मी म्हणायचो, "छान." ते म्हणायचे, "वा." इतकंच. आमच्यात कडवटपणा नव्हता, असता तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी त्यांनी फ्लॅट विकला. अक्का एकट्या होत्या, नगरला जाऊन राहायचं ठरलं. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. त्यांना निरोप द्यायला मी खाली उतरलो तेव्हा टॅक्सी उभी होती आणि काकू आत बसल्या होत्या. मोहरीच्या शेतांच्या जागी तोवर पत्र्याचं कुंपण आलं होतं आणि त्यामागं क्रेन. साहेबांनी सुटकेस डिकीत ठेवली, डिकी स्वतः लावली, आणि माझ्याजवळ आले. मला वाटलं, हात मिळवतील.

"मिलिंद, एक विचारायचं राहून गेलं. ती जुनी कॉइल तुला परत दिली होती का वर्कशॉपवाल्यांनी?"

"कुठली, साहेब?"

"तुझ्या गाडीची रे. बदलली ती. एकदा हातात घेऊन बघायची होती मला. कुठं तडकली होती, कशी तडकली होती, तेवढं कळलं असतं तर." ते थांबले. "म्हणजे माझं काय चुकलं ते कळलं असतं."

टाकीपलीकडं माझी गाडी उभी होती. कॉइल तिच्यातच होती, गाडी घरी आली त्या दिवसापासूनची, एकदाही न उतरवलेली. टॅक्सीवाला घाईत नव्हता. काकू खिडकीतून आमच्याकडं बघत होत्या. मला फक्त म्हणायचं होतं, चला, दाखवतो.

"त्यांनी ठेवून घेतली, साहेब," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. "ठेवूनच घेतात." आणि टॅक्सीत जाऊन बसले.